बेंबी जागेवरच राहते

पोटाची सैल कातडी कापून घेतली तर देवाचा अपमान होतो का, असं माझ्या भाचीनं मला विचारलं. दोन बाळंतपणं, दुसऱ्या वेळी जुळी. पोटाचे उभे स्नायू मधोमध फाकलेले, कंबर दुखते, घडीखाली पावसाळ्यात चट्टे उठतात. माझं आयुष्य ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून गेलं आणि गळ्यात तुळशीची माळ आहे, म्हणून तिनं मला विचारलं असावं.

देह सांधण्यात मला अधर्म दिसत नाही. कापलेलं नाक नव्यानं करण्याची रीत सुश्रुतसंहितेत आहे. १७९४ साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'नं पुण्याकडची हकीगत छापली होती : टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी गाडीवानाला विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं कपाळाच्या कातडीचं नाक करून दिलं.

पण त्याचं नाक वैऱ्यानं कापलं होतं. हिचं पोट लेकरांनी ताणलं, त्यात विटंबना कसली? दुखतंय म्हणून करायचं असेल तर जरूर करावं. लाज वाटते म्हणून असेल, तर ती लाज कोणी घातली हे आधी शोधावं. दुसऱ्यानं घातलेली लाज पोटावरून निघते आणि दंडांवर जाऊन बसते. त्याच बायका पुन्हा टेबलावर आलेल्या मी पाहिल्या आहेत.

आणि न समजून घेता देह दुसऱ्याच्या हाती सोपवणं, हे मात्र मला खरंच पाप वाटतं. हे वजन उतरवायचं ऑपरेशन नाही; आतड्यांभोवतीची चरबी तशीच राहते. चीर कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्यापर्यंत जाते, तिचा वण फिकट होतो पण जात नाही. कातडी बरगड्यांपर्यंत सोडवतात, स्नायू टाक्यांनी जवळ आणतात, कातडी खाली ओढून जास्तीची कापतात. बेंबी तेवढी आपल्या देठावर जागेवरच राहते; ओढलेल्या कातडीला नवं भोक पाडून तिला बाहेर घेतात. आईशी जोडलेली ती खूण पहिल्यांदा अशी पाहिली तेव्हा हातात चिमटा होता, मी मनातच पांडुरंगाला हात जोडले.

नंतर बहुधा काही दिवस नळी, पोटाला पट्टा, वाकून चालणं. बेंबीखालचा बधिरपणा कधी कायमचा राहतो. कातडीखाली पाणी साठतं, जखमेच्या कडा काळ्या पडू शकतात. पायात झालेली गुठळी फुप्फुसात गेली तर जीवही जातो. तंबाखू, मिश्री निदान चार आठवडे आधी बंद. पुढं मूल हवं असेल तर थांबलेलं बरं.

साधारण सहा आठवडे जड उचलायचं नाही, म्हणजे जुळ्यांना कडेवर घ्यायचं नाही. ते कोण करणार, विचारलं तर म्हणाली, "सासूबाई. त्यांना हर्नियाचं ऑपरेशन आहे असं सांगीन."

"तसं सांगू नकोस," मी म्हटलं. "जे आहे ते सांग. सांगवत नसेल, तर अजून तारीख घेऊ नकोस."