मळ्याची माती आणि तीर्थ

ज्या जमिनीवर पूर्वज गुलाम म्हणून राबले, ती वंशजांना पवित्र का वाटावी? अमेरिकेतील साउथ कॅरोलायनाच्या सेंट हेलेना बेटावर हा प्रश्न दर नोव्हेंबरला जिवंत होतो. १८६१ मध्ये, अमेरिकेच्या यादवी युद्धात, उत्तरेचे आरमार आले, कापसाच्या मळ्यांचे मालक पळाले, राबणारे मागे राहिले. १८६२ मध्ये त्यांच्यासाठी पेन स्कूल सुरू झाले. त्याचे वर्ग काही काळ ब्रिक चर्चमध्ये भरत. ते १८५५ मध्ये गुलामांनीच बांधले होते, तरी प्रार्थनेला त्यांची जागा वरच्या सज्जात असे. मालक गेले आणि तिथेच मुले मुळाक्षरे गिरवू लागली. १९४८ मध्ये शाळा थांबली, पण नोव्हेंबरमधल्या वारसा-उत्सवासाठी दूरच्या शहरांतील कुटुंबे आजही तिथे परततात.

दुःखाने माती पवित्र होत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. तसे मानले तर जुलमालाच पुण्य चिकटते. मळ्यांवरच्या चिमुकल्या लाकडी प्रार्थनाघरांत माणसे फेर धरून, पावले जमिनीलगत घासत, टाळ्यांच्या ठेक्यावर देवाला आळवत. तीर्थ झाले ते या उपासनेने आणि त्या मुळाक्षरांनी.