पाच दगड आणि सातबारा

मार्गशीर्षातली अमावास्या उजाडली की लातूर शहरात दुपारी संचारबंदी लागल्यासारखं वाटतं. दुकानांची शटरं खाली, रस्ते सुने, कचेऱ्यांना स्थानिक सुट्टी. सगळी माणसं शेतात. वेळ अमावास्या, गावच्या बोलीत येळवस. तिचा खरा जोर लातूर-धाराशिवकडे. पण बीड, नांदेड, परभणीच्या लगतच्या गावांतही ती पाळतात आणि सीमेपलीकडे कर्नाटकातही.

या दिवशी शेतात कुणी काम करत नाही. उभ्या ज्वारीत कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारायची, तिला शाल गुंडाळायची, आत पाच दगड चुन्याने रंगवून मांडायचे. हे पांडव. पुढ्यात भज्जी, आंबिल, उंडे, खीर. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे आणि मिळतील त्या पालेभाज्या ताकात कालवलेल्या बेसनात शिजवून केलेलं घट्ट कालवण. आंबिल ज्वारीच्या पिठाचं आणि ताकाचं, मडक्यात थंड केलेलं. पूजा झाली की त्यातलंच आंबिल पिकावर शिंपडत शेताला फेरी घालायची आणि मग जेवायला बसायचं. बांधावरून जाणारा ओळखीचा असो-नसो, त्याला हाक मारून बसवायचं. पाच शेतांतून फिरलेल्या माणसाला सहाव्या शेतातही सुटका नसते.

भटजी नाही, मुहूर्त नाही, देऊळ नाही. दिवसभर शेतात बसून खाणं आणि दुसऱ्याला खाऊ घालणं, एवढ्याला पूजा म्हणायचं का?

शास्त्र याला आडवं येत नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञाचा विचार आहे. जे मिळालं त्यातलं परत न देता जो एकटा खातो त्याला तिथे सरळ चोर ठरवलंय. अथर्ववेदाच्या बाराव्या कांडातलं भूमिसूक्त याहून हळवं आहे. त्यातला ऋषी जमीन खणताना तिची जखम लवकर भरून येवो अशी प्रार्थना करतो. नांगर धरणाऱ्याला अपराधी वाटावं इतकी ही जाणीव बारीक आहे. पिकावर आंबिल शिंपडणाऱ्या बाईने यातलं काही वाचलेलं नसतं, वाचायची गरजही नसते.

खरी अडचण पुढे आहे. भूमिसूक्त म्हणतं तशी जमीन आई असेल, तर सातबाऱ्यावर तिचा मालक म्हणून मुलाचं नाव कसं?

हा प्रश्न पुस्तकी वाटत असेल त्याने परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यातल्या येलदरीला जावं. पूर्णा नदीवरचं हे मातीचं धरण १९६८ मध्ये पुरं झालं. उंची ५१ मीटर, लांबी चार किलोमीटरहून जास्त, खाली २२.५ मेगावॉटचं वीजघर. पावसाळ्यात दरवाजे उघडले की आसपासची कुटुंबं पोराबाळांसह पाणी बघायला येतात. त्या पाण्याखाली कुणाच्या तरी पिढीजात जमिनी आहेत. सरकारने कायद्याने घेतल्या, खालच्या परभणी-हिंगोलीच्या शिवारांना पाणी मिळालं. कागदावर व्यवहार पुरा झाला. पण ज्याचं शेत गेलं त्याने कोप कुठे उभारायची, या प्रश्नाला भूसंपादनाच्या कागदात रकाना नसतो. धरणांची एक गंमत मात्र आहे. उन्हाळ्याकडे पाणी मागे सरलं की काठची ओली जमीन उघडी पडते आणि महाराष्ट्रात अनेक ठिकाणी लोक तीत गाळपेर करतात. पाणी येईपर्यंतची शेती. पुढच्या वर्षी तोच तुकडा आपल्या वाट्याला येईल याची खात्री नाही. भूमिसूक्ताच्या ऋषीला सातबाऱ्यापेक्षा हा बंदोबस्त जास्त पटला असता.

विनोबांनाही. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांनी त्यांच्याकडे जमीन मागितली आणि गावातल्याच रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर देऊ केली. भूदान इथून सुरू झालं. पोचमपल्ली तेव्हा हैदराबाद राज्यात होती, आणि परभणीही त्याच राज्यातला जिल्हा. हवा, पाणी, ऊन जसं सगळ्यांचं तशी जमीनही, हा विनोबांचा युक्तिवाद. वेळ अमावास्येला शेतकरी एक दिवस हाच युक्तिवाद जगतो. पण भूदान आणि येळवस या दोन्हींत देणारा मालकच राहतो, दान किती आणि कुणाला हे तोच ठरवतो. आंबेडकरी चळवळीतले नेते दादासाहेब गायकवाड यांना ते पुरेसं वाटलं नाही. १९५९ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मराठवाडा-खानदेशातल्या भूमिहीनांनी पडीक जमिनीसाठी सत्याग्रह केला. जमीन त्यांनी हक्क म्हणून मागितली. धर्माच्या चर्चेत हा सत्याग्रह सहसा येत नाही. यायला हवा.

सावता माळ्यांचं उत्तर तिसरंच. अरणचा हा संत मळा सोडून पंढरीला गेला नाही. त्याला विठ्ठल भाजीच्या वाफ्यात भेटला. म्हणून इतर संतांच्या पालख्या पंढरपूरला जात असताना पांडुरंगाची पालखी अरणला येते. पण सावतोबांची पूजा म्हणजे राबणं. वेळ अमावास्येची पूजा म्हणजे न राबणं. दोन्ही खरी असतील, तर देव कष्टात नाही की विश्रांतीत नाही, तो शेताशी असलेल्या नात्यातच कुठेतरी असावा.

अलीकडे या नात्याला दर लागलाय. हिवाळ्यात पुण्या-मुंबईच्या आसपास हुरडा पार्ट्यांच्या जाहिराती येतात, माणशी अमुक रुपये, बैलगाडीची फेरी धरून. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरणही आणलं. त्याला नाकं मुरडणं सोपं आहे. मात्र ज्याची ज्वारी बाजारात पडेल भावाने जाते, त्याने हुरड्याचे पैसे घेतले तर धर्म बुडत नाही. फरक एवढाच, की पैसे देणारा पाहुणा उंडे कच्चे लागले तर तक्रार करू शकतो. फुकट जेवणाऱ्याला गप्प बसावं लागतं, आणि तो निघताना उलट यजमानच हात जोडतो.

या नात्याची एक सरकारी रीतही परभणीतच सापडते. इथलं प्रयोगक्षेत्र १९१८ चं, निजामाच्या काळातलं. १९७२ मध्ये तिथे कृषी विद्यापीठ झालं. ‘परभणी मोती’ ही ज्वारी तिथलीच. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, तिथे रब्बी मेळावा भरतो आणि शेतकरी जत्रेला यावं तसे येतात, प्रात्यक्षिकं बघतात, बियाण्याच्या पिशव्या विकत घेऊन परततात.

येळवशीच्या पंगतीकडे पुन्हा बघितलं तर दोन माणसं नीट दिसत नाहीत. एक, आदल्या रात्रीपासून चुलीपुढे असलेली बाई. न राबण्याचा हा दिवस तिच्या राबण्यावर उभा असतो. दुसरा सालगडी. वर्षभर त्या मातीत हात त्याचे, पाच दगडांना चुना बहुधा त्यानेच लावलेला. त्या दिवशी मालक त्याला आग्रहाने दुसऱ्यांदा आंबिल वाढतो. तीन महिन्यांनी पाडवा येतो, नवं साल ठरायचं असतं, आणि तोच मालक आकड्यावरून त्याच्याशी तासभर घासाघीस करतो.