विषाची परीक्षा

विषाची परीक्षा पाहू नये, असे वडीलधारी माणसे सांगत आली. पण घरच्या संगणकावर आपण जो अँटीव्हायरस बसवतो, त्याचा कस विषावाचून लागावा कसा? आयकार नावाची ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी फाइल मिळते. ती दिसताच बहुतेक सारे अँटीव्हायरस ओरडतात. त्यावरून राखणदार जागा आहे एवढेच कळते. चोर ओळखतो की नाही, हा प्रश्न उरतोच.

२००६ साली अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या मासिकाने धीट उपाय केला. जुने व्हायरस सर्वांना पाठ. म्हणून सुमारे ५,५०० नवे प्रकार मुद्दाम तयार करवून त्यांवर परीक्षा घेतली. अँटीव्हायरस बनविणाऱ्यांनी गिल्ला केला: जगात विष का थोडे आहे, म्हणून तुम्ही त्यात भर घालता? मासिकाची बाजू मला अगदीच खोटी वाटत नाही. वर्गात सोडवून घेतलेलीच गणिते वार्षिक परीक्षेला घातली, तर गुण पाठांतराला मिळतात, हे कोणीही मास्तर सांगेल. तरीही माझे मत हरकत घेणाऱ्यांच्या बाजूला पडते. परीक्षेपुरते केलेले विष परीक्षा संपल्यावरही विषच राहते. शिवाय जो चोर कोणाच्या घरी कधी जाणारच नव्हता, तो ओळखला नाही म्हणून गुण कापणे, हा न्याय कुठला?

यातून निघण्याची एक युक्ती ऑस्ट्रियातील इन्सब्रुकच्या ‘एव्ही-कम्पॅरेटिव्हज’ या संस्थेने वापरली. अँटीव्हायरसला एका तारखेस थांबवायचे, पुढची माहिती त्याला द्यायची नाही. आणि त्या तारखेनंतर जगात आपसूक अवतरलेले व्हायरस त्याच्यापुढे ठेवायचे. प्रश्न नवे, परंतु परीक्षकाचे हात कोरडे! अर्थात आजचे अँटीव्हायरस क्षणोक्षणी इंटरनेटवरून कंपनीला विचारून ठरवतात. त्यांना असे एकटे पाडणेही थोडे अन्यायाचेच. म्हणून हल्ली चालू इंटरनेटवर, सर्वांना एकाच वेळी, त्याच दिवशीचे व्हायरस देऊन पाहतात.

प्रश्नपत्रिकेत निरपराध फाइलीही हव्यात. २०१० च्या एप्रिलमध्ये मॅकॅफीने विंडोज एक्सपीची स्वतःची एक आवश्यक फाइलच व्हायरस ठरवली आणि कित्येक कचेऱ्यांतले संगणक पुन्हा पुन्हा बंद पडून सुरू होऊ लागले. दिसेल त्याला पकडणारा शिपाई एकही चोर सोडत नाही, हे खरेच. पण असा शिपाई आळीत कोणाला हवा?

आणि परीक्षेला बसतो तो कोण? २०१५ साली चीनच्या ‘चिहू ३६०’ या कंपनीने परीक्षेसाठी पाठवलेल्या प्रतीत दुसऱ्या कंपनीचे, बिटडिफेंडरचे, शोधयंत्र चालू होते; ग्राहकांना मिळणाऱ्या प्रतीत ते मुळात बंद असे. तीन परीक्षक संस्थांनी मिळून त्या वर्षीची तिची प्रशस्तिपत्रे काढून घेतली. परीक्षकाने कंपनीकडून प्रत मागवूच नये. ओळख न देता, साध्या गिऱ्हाइकासारखी आणावी, आणि पैसे पडले तर पदरचे द्यावेत.