पक्ष नको हे मान्य. राजकारण नको हे अमान्य

‘आम्ही बिगरराजकीय आहोत’ हे वाक्य पुण्याच्या खराडीत ‘आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत’ या चालीवर म्हटले जाते. महापालिका निवडणुकीच्या तोंडावर सोसायट्यांतले मतदार एकत्र येतात, पाणी, कचरा, वाहतूक कोंडी अशी यादी करतात आणि इच्छुकांना बजावतात : राजकारण बाजूला ठेवा, कामाचे बोला. माझे एक विद्वान मित्र याला नागरी चळवळीची प्रौढावस्था म्हणतात. मला हे अंग काढून घेणे वाटते.

पाणी आधी कुणाला आणि रस्ता बसचा की मोटारींचा, हे राजकारण नाही तर काय? नगर रस्त्यावर 2016 मध्ये बीआरटी, म्हणजे बसची स्वतंत्र मार्गिका, सुरू झाली, पुढे ती उखडली गेली. चर्चा सगळी अभियांत्रिकीच्या भाषेत झाली. निर्णय मात्र कुणी ताटकळायचे याचा होता. खराडी महापालिकेत आली 1997 मध्ये. भामा-आसखेड धरणाचे पाणी शहराच्या पूर्व भागाला मिळू लागले 2021 मध्ये. तरीही टॉवरच्या फाटकाशी टँकर उभा राहतोच, आणि त्याचे बिल मेंटेनन्समध्ये निमूट भरले जाते.

खरे तर बिगरराजकीय कारभार आपल्याला मिळालेलाच होता. मार्च 2022 पासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत पुण्यात नगरसेवक नव्हते, प्रशासक होता. नगरसेवकच नव्हते म्हणून प्रभाग समिती नव्हती, आणि त्या समितीवर कायद्याने घेता येणारे स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधीही नव्हते. निवडणूक घ्या, हेसुद्धा सर्वोच्च न्यायालयाला मे 2025 मध्ये सांगावे लागले. या काळात किती सोसायट्या रस्त्यावर उतरल्या?

इथे मला सासवडचे वि. म. तारकुंडे आठवतात. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या पक्षाचे ते सरचिटणीस. तो पक्ष 1948 मध्ये रॉयवाद्यांनी स्वतःच विसर्जित केला. पक्ष सत्तेसाठी माणसांना वापरतो, म्हणून सत्ताच खाली, लोकसमित्यांकडे गेली पाहिजे, हा त्यामागचा विचार. पक्ष सोडून ही माणसे घरी बसली नाहीत. तारकुंडे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, 1974 मध्ये जयप्रकाश नारायणांबरोबर ‘सिटिझन्स फॉर डेमोक्रसी’त उतरले, आणीबाणीत ‘पीयूसीएल’ या नागरी हक्क संघटनेच्या उभारणीत होते. आज उमेदवाराचे गुन्हे आणि मालमत्ता शपथपत्रात वाचता येतात, मतयंत्रावर ‘नोटा’ दिसतो, त्यामागे याच संघटनेचे 2003 आणि 2013 चे न्यायालयीन लढे आहेत. पक्षाबाहेर राहून राजकारण करायचे ते असे.

मग सोसायट्यांतल्या मतदारांच्या गटाने स्वतःचा उमेदवार द्यावा का? हा लेख लिहायला बसलो तेव्हा माझे उत्तर ‘अवश्य’ असे होते. मुंबईत 2007 मध्ये जुहूतून अॅडॉल्फ डिसूझा नागरिकांचे उमेदवार म्हणून निवडून आले होते. पण 227 च्या सभागृहात असा एकटा माणूस किती रेटणार? पुण्यात तर बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक. खड्डा एक, मालक चार. प्रत्येक जण उरलेल्या तिघांकडे बोट दाखवायला मोकळा. अशा ठिकाणी पाचवा दावेदार उभा करण्यापेक्षा चौघांनाही एका मंचावर आणून दर तीन महिन्यांनी जाब विचारणारा गट अधिक कामाचा, असे आता वाटते.

मात्र तो गट कुणाचा? बैठक क्लबहाऊसमध्ये, निरोप सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर. फाटकावरचा रखवालदार, शेजारच्या चंदननगरहून धुण्याभांड्याला येणारी बाई, थिटे वस्तीतला भाडेकरू यांना तो पोचतच नाही. तेही मतदार आहेत, किंवा असायला हवेत. महापालिकेसाठी वेगळी यादी तयार होत नाही. विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडतात, आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकीसाठी 1 जुलै 2025 ची यादी धरली होती. तोवर ज्याचे नाव लागले नाही, त्याला त्या निवडणुकीत मत नव्हते. हीच अवस्था गावाकडे नाव ठेवून इथे संगणकावर बसणाऱ्या अभियंत्याची, आणि तो तर क्लबहाऊसमध्ये तावातावाने बोलतो!

तेव्हा मतदारांचा गट म्हणवणाऱ्यांनी निवडणुकीनंतरही दुकान उघडे ठेवावे. नव्या नावासाठी नमुना सहा, पत्ता बदलासाठी नमुना आठ. दोन्ही वर्षभर भरता येतात. पुढची बैठक चंदननगरात घ्या, आणि तिथे राजकारणावर खुशाल बोला.