जुन्या जीपची खरी किंमत

कित्येक प्रश्न असे असतात कीं, ते उत्पन्न होतात बाजारांत, परंतु त्यांचा निर्णय करावा लागतो मनुष्याच्या सदसद्विवेकबुद्धीपुढें. असाच एक प्रश्न गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या तोंडीं आमच्याकडे आला. खेड्यापाड्यांत आज पुष्कळांच्या दारीं जुनीं वाहनें उभीं आहेत, व हा प्रश्न आज ना उद्यां त्यांनाहि पडणार आहे; म्हणून तो आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

आमचे एक स्नेही अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागांत शेती करितात. त्यांच्या वस्तीची वाट खडकाळ असून मध्यें दोन ओढे लागतात. २०२२ सालीं त्यांनीं अठरा वर्षें चाललेली, चारही चाकांना जोर मिळणारी एक डिझेल जीप १ लाख ६० हजार रुपयांस कर्ज काढून घेतली. तशी नवी गाडी घ्यावयाची तर दहा लाखांच्या आसपास किंवा अधिक मोजावे लागतात. तेव्हां हा सौदा स्वस्त झाला असें त्यांना वाटलें, व आम्हांसहि तसेंच वाटलें.

जीपचा जन्मच कठीण वाटेसाठीं झाला. दुसऱ्या महायुद्धांत १९४१ सालापासून अमेरिकन सैन्यासाठीं ती मोठ्या संख्येनें तयार झाली, आणि युद्धानंतर आपल्या देशांतहि तिचे भाग जोडून विकण्याचा धंदा सुरू झाला. हीं वाहनें रचनेनें साधीं असतात. सांगाडा निराळा, त्यावरील पत्र्याचें अंग निराळें, खालीं लोखंडी पाटे. म्हणून कोणत्याहि तालुक्याच्या गांवचा मिस्त्री तीं उघडूं व जोडूं शकतो. हा गुण खरा आहे. परंतु जी वस्तु सहज दुरुस्त होते ती पुष्कळदां दुरुस्त करावीहि लागते, हें घेणाऱ्याच्या ध्यानांत उशिरां येतें.

आमच्या स्नेह्यांस हिशेबाची वही ठेवण्याची संवय आहे. तीन वर्षांची वही त्यांनीं आम्हांस दाखविली. पांच टायर, ४० हजार. रेडिएटर व इंजिनाच्या हेडचें काम, २८ हजार. विमा, नोंदणीचें नूतनीकरण व पर्यावरण कर, २७ हजार. पाटे, जॉईंट-क्रॉस व स्टिअरिंग, २१ हजार. ब्रेक, १४ हजार. क्लच, १२ हजार. आणि किरकोळ, १८ हजार. एकंदर १ लाख ६० हजार, म्हणजे खरेदीइतकीच रक्कम! डिझेल निराळें. शिवाय ९७ दिवस गाडी मिस्त्रीच्या अंगणांत उभी होती, व त्या दिवसांत माल बाजारीं नेण्यास दुसऱ्याची गाडी भाड्यानें घ्यावी लागली.

असें कां होतें, याचीं कारणें गूढ नाहींत. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. तें वर्षानुवर्षें बदललें नाहीं, तर लांब घाट उतरतांना तापून त्यांत वाफ होते आणि ब्रेकवरचा पाय थेट तळाशीं जातो. टायरची नक्षी शाबूत असली तरी वयानें रबर कठीण होऊन त्याला चिरा पडतात. पुढच्या चाकांचा जोर मातींतच लावावयाचा असतो. डांबरी सडकेवर तो चालूं ठेवला, तर वळणावर पुढचीं व मागचीं चाकें सारखें अंतर चालत नाहींत; मातींत तीं थोडीं घसरून हा फरक फेडतात, डांबरावर मात्र तो सारा ताण दांत्यांवर व जॉईंटांवर पडतो. मागच्या धन्यानें असें केलें होतें कीं नाहीं, हें गाडी नुसती पाहून कळत नाहीं. म्हणजे जुनें वाहन घेणारा त्याबरोबर मागच्या धन्याची काळजी व त्याचा आळस हींहि विकत घेतो.

सरकारी खर्चहि वयाबरोबर वाढतो. पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीची नोंदणी दर पांच वर्षांनीं नवी करावी लागते. तिचें शुल्क २०२२ सालीं ६०० रुपयांवरून ५,००० झालें, आणि २०२५ सालीं वीस वर्षांवरील मोटारींसाठीं तें १०,००० करण्यांत आलें.

येथवरचा खर्च धन्यानें स्वतःच्या खिशांतून दिला. त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु दुसरी एक यादी आहे, ती वहींत उतरत नाहीं. पैसा नाहीं म्हणून ब्रेकचें काम पुढच्या महिन्यावर ढकललें, तर त्या महिन्याचा धोका कोण सोसतो? घाटाच्या कडेनें डोक्यावर मोळी घेऊन चालणारी बाई सोसते. थकलेल्या डिझेल इंजिनाचा काळा धूर कोणाच्या छातींत जातो? मागें बसलेल्या मुलांच्या. ह्यांपैकीं कोणींहि त्या सौद्यांत अंगठा उठविलेला नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. पावसापूर्वीं मिस्त्रीनें गाडी उचलून खालून पाहिली, तों मागच्या पाट्याच्या आधाराजवळ सांगाड्याला चीर! ती जुनीच होती; कोणीं तरी वरवर वेल्डिंग करून काळा रंग फांसला होता. त्याच आठवड्यांत एक गिऱ्हाईक आलें. शाळेच्या मुलांची ने-आण करावयाची म्हणून १ लाख ३० हजार रुपये देण्यास तें तयार होतें. त्यानें चिरेविषयीं कांहीं विचारलें नाहीं. स्नेही रात्रीं आमच्याकडे येऊन म्हणाले, “पाळकसाहेब, मला विकणाऱ्यानें तरी कोठें सांगितलें होतें? विचारलें तर मी खोटें बोलणार नाहीं. पण न विचारतां तोंड उघडलेंच पाहिजे काय?”

हा आक्षेप हलका नव्हे, आणि कायदाहि त्याला सर्वस्वीं प्रतिकूल नाहीं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या सतराव्या कलमांत फसवणुकीची व्याख्या आहे, व तेथें घोड्याचीं उदाहरणें दिलीं आहेत. सदोष घोडा लिलांवांत विकतांना धनी गप्प राहिला, तर ती फसवणूक नव्हे. परंतु घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळें दोष सांगणें हें त्याचें कर्तव्य होतें. आणि “तुम्ही नाहीं म्हणालां नाहीं, तर घोडा निर्दोष आहे असें मी धरीन,” असें कोणीं म्हटलें असतां मौन धरणें, हें बोलण्यासारखेंच होय.

आम्हीं स्नेह्यांस एवढेंच विचारलें कीं, ह्या गाडींत तुमची मुलगी शाळेस जाणार असती तर? कायदा नात्यावरून कर्तव्य ठरवितो, आणि कायद्यास कोठें तरी रेघ ओढावीच लागते. परंतु दुसऱ्याच्या मुलांना आपल्या मुलांच्या रांगेंत बसवितां येत नसेल, तर शेजारधर्म हा शब्द आपण कशाला वापरावा? शिवाय येथें रंग अगोदरच बोलत होता. चीर झांकणाऱ्या रंगाखालीं गप्प उभें राहणें म्हणजे त्या रंगाच्या साक्षीवर आपली सही करणें होय. मागच्यानें आपणांस फसविलें हें खरें. पण तें नुकसान तेव्हांच होऊन गेलें. मौन धरल्यानें तें नाहींसें होत नाहीं. तें फक्त घर बदलतें, आणि नव्या घरीं त्याची फेड कदाचित् रुपयांत होणार नाहीं.

स्नेह्यांनीं चीर दाखविली. गिऱ्हाईक परत गेलें. शेवटीं इंजिन व इतर भाग सुटे विकून आणि सांगाडा भंगारांत घालून ४५ हजार हातीं आले. त्यांच्या पत्नींनीं आम्हांस स्पष्ट विचारलें, “पाळकसाहेब, सल्ला तुमचा, कर्जाचा हप्ता कोणीं भरावा?” आम्हांस तेव्हां उत्तर सुचलें नाहीं. त्या हंगामांत आम्हीं व आणखी दोघांनीं त्यांच्या मालाचें भाडें वांटून घेतलें. तें पुरेसें नव्हतें, हें आम्ही कबूल करितों. परंतु दुसऱ्याला सत्य बोलण्याचा उपदेश करणाऱ्यानें त्या सत्याच्या खर्चांतील थोडा तरी वांटा उचलावा, हें त्या बाईंनीं आम्हांस शिकविलें.

ह्यावरून जुनें वाहन घेऊंच नये, असा आमचा आशय नाहीं. चालती वस्तु टाकून नवी घेणें हाहि एक अपव्ययच आहे. नव्या गाडीचें लोखंड फुकट वितळत नाहीं, आणि गरिबाला निवड तरी कितीशी असते? आमचें म्हणणें इतकेंच कीं, “मला ही घेतां येईल काय?” ह्यापेक्षां “मला ही नीट राखतां येईल काय?” हा प्रश्न आधीं विचारावा. किंमतीइतकी रक्कम पुढील तीन वर्षांच्या दुरुस्तीस लागेल असें धरावें. तितकी एका घरास झेपत नसेल, तर दोघां-तिघां शेजाऱ्यांनीं मिळून गाडी घ्यावी. आपल्या विश्वासाच्या मिस्त्रीकडून ती खालून पाहवून घेतल्यावांचून इसार देऊं नये. रंगाच्या आधीं ब्रेक करावे. आणि विकण्याची वेळ येईल तेव्हां वही गिऱ्हाइकापुढें उघडी ठेवावी.

आमच्या स्नेह्यांकडे आज गाडी नाहीं. त्यांचा हप्ता अजून चालूं आहे, आणि ती शाळेचीं मुलें रोज त्यांच्याच वस्तीवरून जातात.