मित्राचे दोष

माणूस गेला की त्याचे दोष त्याच्याबरोबरच जाळून टाकावयाचे, अशी आपल्याकडे रीत आहे. रावण पडल्यावर रामानेही बिभीषणाला सांगितले ते हेच, की मरणाबरोबर वैर संपते. वैऱ्याच्या बाबतीत ही रीत थोर आहे यात शंका नाही. पण मित्राच्या बाबतीत ती तितकीच चांगली आहे काय?

हा प्रश्न मला पडला तो अकोल्याच्या जठारपेठेत, माझ्या शाळासोबत्याच्या शोकसभेत. पहिलीत आम्ही एका बस्करावर बसलो, आणि तेव्हापासून साठाहून अधिक वर्षे आमची संगत होती. सभेत कुणी त्याला अजातशत्रू म्हणाले, कुणी म्हणाले की त्याने जन्मात कुणाचे मन दुखावले नाही. मला वाटले, ही मंडळी कोणाविषयी बोलत आहेत? माझा मित्र तर पक्का भांडखोर! दिवाळीला आमच्याकडे फराळाला आला की, "वहिनी, चकली फोडायले अडकित्ता द्या," म्हणणारा. मी लिहिलेले काही वाचून दाखवावे, तर "काय बे, हे तुले तरी खरं वाटते काय?" असे विचारणारा. श्रावणात कावडवाल्यांबरोबर मी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी राजराजेश्वराला आणीत असे. देव न मानणारा हा गृहस्थ माझ्या सोबतीला चालत येई, आणि देव नाही हे मला सारी वाट पटवीत राही!

वाद घालणारे मित्र म्हटले की टिळक-आगरकर आठवतात. आगरकर १८७५ साली आमच्या अकोल्याहूनच मॅट्रिक झाले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांची टिळकांशी गाठ पडली. दोघांनी मिळून 'केसरी' चालविला आणि १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. मग समाजसुधारणेच्या प्रश्नावरून त्यांचे फाटले, आणि आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' काढला. १७ जून १८९५ रोजी, वयाची चाळिशीही न गाठता, ते वारले. तेव्हा टिळकांनी 'केसरी'त लिहिले की, मृत्यूसमोर लहानसहान मतभेदांचा विसर पडतो आणि लेखणीही गोंधळून जाते.

त्या शोकाच्या खरेपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण ते मतभेद खरोखरच लहानसहान होते काय? त्याच मतांपायी आगरकरांना जिवंतपणी आपल्या प्रतिमेची प्रेतयात्रा पाहावी लागली. ती मते विसरली, तर मग आगरकर म्हणून आठवावयाचे ते काय?

कुणी म्हणेल, मागे राहिलेल्यांच्या मनाचा विचार नको काय? हवाच. मित्राने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी माझ्याबरोबरच जातील. त्या उघड करणे म्हणजे चहाडी. पण साऱ्या पेठेने पाहिलेला त्याचा हट्ट, त्याची तिखट जीभ, हे काही गुपित नव्हे. तेवढे खरवडून काढले की उरतो तो कुणाच्याही भिंतीवर शोभणारा हार घातलेला फोटो. तो माझा मित्र नव्हे.

साठ वर्षे त्याने मला खोटे मिरवू दिले नाही. माझ्यातले खरे कोणते आणि आव कोणता, हे त्याला ठाऊक होते. आता त्याच्याविषयी दुसरे कुणी काहीही सांगितले, तरी नाही म्हणावयास तो येणार नाही. ते काम माझ्याकडे आले आहे. स्तुती परक्यालाही करता येते. माणूस होता तसा सांभाळून ठेवणे मित्रालाच जमते. मैत्रीचे ऋण म्हणतात ते बहुधा हेच असावे.

परवा त्याच्या सात वर्षांच्या नातवाला मी अडकित्त्याची गोष्ट सांगितली. तोवर भिंतीवरच्या फोटोकडे भीत भीत पाहणारा तो पोरगा खदखदून हसला आणि म्हणाला, "म्हणजे आजोबा पण माझ्यासारखेच आगाऊ होते!"

त्याच्या आजीने डोळ्यांना पदर लावला, पण तीही हसत होती.