माझी निश्चिंती

आरक्षणाचा तक्ता डब्याच्या दारापाशी चिकटवलेला असायचा, तेव्हा आपलं नाव सापडलं तरी मी तिथून हलत नसे. बोट वर-खाली सरकायचं. समोर कोण, वरच्या बर्थवर कोण, वय काय, बाई की पुरुष, आणि खरं सांगायचं तर आडनाव काय. ओळखीच्या वळणाची आडनावं दिसली की जीव भांड्यात पडायचा. रात्रीचा प्रवास, बरोबर बायको-मुलं, काळजी घ्यायला नको का, अशी मी स्वतःची समजूत घालायचो. आता तो तक्ता लावत नाहीत. बोटाची सवय मात्र नजरेत उतरली आहे.

लोकलमध्ये रॅकवर एखादी काळी सॅक दिसते. बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा, असं उद्घोषणा सांगत असते. ती सॅकबद्दल बोलते, आणि मी सॅकखाली बसलेल्यांचे चेहरे वाचायला लागतो. दाढी, टोपी, कपाळ, फोनवर चाललेली भाषा. दोन स्टेशनं जायच्या आत माझा निकाल तयार असतो. तशीच सॅक ऑफिसला निघालेल्या, माझ्यासारख्या दिसणाऱ्या माणसाची असेल तर ती मला दिसतही नाही. मग ही सावधगिरी कसली? मी धोका शोधतोय, की मनात आधीच बसलेल्या ग्रहाला पुरावा?

भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. ११ जुलै २००६च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. सगळे पहिल्या वर्गाच्या डब्यांत. १८०हून अधिक माणसं गेली. त्यानंतर डब्यात चढताना ज्याची नजर आधी रॅककडे गेली नाही, असा प्रवासी विरळाच. पण त्याच संध्याकाळी रुळांलगतच्या झोपड्यांतून माणसं चादरी घेऊन धावली होती आणि जखमींना त्या चादरींत घालून त्यांनी बाहेर काढलं होतं. एरवी त्याच वस्तीतलं कुणी शेजारी येऊन टेकलं तर मी खिशातलं पाकीट चाचपतो. त्या दिवसातलं मी काय लक्षात ठेवलं?

स्टेशनात शिरताना मेटल डिटेक्टरची चौकट असते. गर्दीच्या वेळी ती प्रत्येकासाठी वाजते आणि थांबत कुणीच नाही. मीही नाही. क्वचित एखाद्या पोलिसाने बॅग उघडायला सांगितली की माझ्या कपाळाला आठ्या पडतात, कारण लोकल चुकणार असते. पण उत्तरेकडच्या गाडीला निघालेल्या एखाद्या मजुराला बाजूला घेतलेलं दिसलं, की वाटतं, चोख काम चाललंय. तो दोरीची गाठ सोडतो. गोधडी, तवा, मुलासाठी घेतलेली प्लास्टिकची मोटार, सगळं फलाटावर मांडतो आणि पुन्हा बांधायला लागतो. पहिल्यासारखी गाठ काही बसत नाही, आणि त्याचं सगळं लक्ष गाडीच्या दाराकडे. मी बघतो आणि पुढे जातो. तपासणी व्हावी, पण माझ्या मागच्याची, हे मी कधी तोंडाने बोललो नाही, एवढंच.

२००६च्या त्या स्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५मध्ये बाराजणांना दोषी ठरवलं, पाचजणांना फाशी सुनावली. बातमी वाचून मी पेपर मिटला. २१ जुलै २०२५ला मुंबई उच्च न्यायालयाने त्या सगळ्यांची शिक्षा रद्द केली, सरकारी पक्षाला गुन्हा सिद्धच करता आला नाही म्हणून. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. कोण दोषी, हे ठरवणं माझं काम नाही. पण उच्च न्यायालयाचा निकाल ऐकल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं? ज्यांची माणसं गेली ते आता कोणाकडे बघणार, हे नाही. त्या बाराजणांची वर्षं कोण परत देणार, हेही नाही. आली ती नुसती अस्वस्थता, की मग आता? म्हणजे इतकी वर्षं मला खरा गुन्हेगार हवा होता, की कुणीतरी आत आहे एवढ्यावर माझं भागत होतं?

आणि ३१ जुलै २०२३ची पहाट. जयपूर-मुंबई गाडीत पालघरजवळ रेल्वे सुरक्षा दलाच्याच एका जवानाने गोळ्या झाडल्या. त्याचा वरिष्ठ आणि तीन प्रवासी ठार झाले. तिन्ही प्रवासी मुस्लिम होते, आणि त्यांना धर्मावरून निवडून मारल्याचा त्याच्यावर आरोप आहे. माझ्या हिशेबात त्या गाडीतली सगळ्यात निर्धोक गोष्ट होती खाकी वर्दी. माझ्या नजरेत आणि त्या बंदुकीत अंतर आहे, पुष्कळ आहे. दिशा मात्र वेगळी आहे, असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

मग काय, डोळे मिटून बसायचं? तेही पटत नाही. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री सीएसटीवर गोळीबार सुरू झाला तेव्हा उद्घोषक विष्णू झेंडे यांनी माइक सोडला नाही. कुठून बाहेर पडा, हे ते सांगत राहिले. ते सगळ्यांसाठी होतं, ऐकणारा कोण हे त्यांना ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. सावध असणं म्हणजे बहुधा असंच उघड, सगळ्यांना ऐकू जाईल असं असणं. मी मात्र संशय मनात ठेवतो, कारण बोललो तर चूक ठरण्याची भीती आणि मनात ठेवला तर फुकटचं समाधान. परवा धीर करून डब्यात विचारलं, ‘ही बॅग कुणाची?’ तिसऱ्या बाकावरच्या एका आजोबांनी हात वर केला, ‘माझी हो, गुडघ्यावर घेववत नाही.’

तुम्हालाही हेच सांगायचं आहे. बॅगेवर शंका आली तर चेहरे चाळत बसू नका, अख्ख्या डब्याला ऐकू जाईल असं विचारा. कुणीच ओ दिली नाही, तर हात न लावता लांब व्हा आणि १३९वर कळवा.